धनंजयराव गाडगीळ आणि त्यांची गोखले संस्था

पुण्यास जाण्याचा योग आला म्हणजे आपल्या लष्कर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. वानवडीला महादजी शिंद्यांच्या छत्रीचे दर्शन, कसबा गणपती, पर्वती आणि परतीच्या आदल्या दिवशी तुळशीबाग व लक्ष्मी रस्ता. या यादीत फर्ग्युसन महाविद्यालयाशेजारच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे नाव सहसा नसते. प्रस्तुत लेखकाच्या यादीतही ते नव्हते. मराठी हा ज्याचा अध्यापनाचा विषय, त्याचे अर्थशास्त्राशी नाते महिन्याच्या पगारापुरतेच असावयाचे! परंतु मध्य हिंदुस्थानातील मराठी भाषकांचे शिरगणतीचे जुने आकडे पाहण्याची गरज पडली, आणि एका जाणत्या स्नेह्याने सांगितल्यावरून मी त्या संस्थेच्या ग्रंथालयाची पायरी चढलो.

भारत सेवक समाजाचे हे आवार. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी समाजाची स्थापना केली, आणि त्यांचे निवासस्थानही याच आवारात होते. मोठमोठ्या झाडांच्या छायेत जुन्या इमारती उभ्या आहेत. हमरस्त्याचा गलबला फाटकाशीच थांबावा अशी तेथील शांतता. ग्रंथालयात शिरगणतीचे अहवाल, जिल्ह्यांचे गॅझेटियर, जमाबंदीचे दस्तऐवज, कायदेमंडळातील चर्चांची इतिवृत्ते, संयुक्त राष्ट्रसंघाची प्रकाशने असे एरवी कोणी हौसेने वाचणार नाही ते साहित्य शिस्तीने लावून ठेवलेले आहे. अडीच लाखांहून अधिक ग्रंथांचा हा संग्रह धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय या नावाने ओळखला जातो. ज्यांचे नाव या ग्रंथालयाला दिले आहे त्यांच्याविषयी मला तोवर फारच थोडी माहिती होती. कित्येकांप्रमाणे माझीही समजूत काकासाहेब गाडगीळ आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यात घोटाळा करणारी होती. तो घोटाळा दूर व्हावा आणि एका ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्ताने दुसऱ्या ग्रंथालयाच्या या थोर उपासकाचा परिचय आपल्या सभासदांना व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्याच वर्षीच्या १६ जानेवारीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे देहावसान झाले होते. या देशाच्या दारिद्र्याचा विचार पाश्चात्त्य ग्रंथांतील सिद्धांतांवरून न करता येथील परिस्थितीवरून केला पाहिजे, हा विचार रानड्यांनी प्रथम सुसंगतपणे मांडला. त्यांचे शिष्य गोखले यांनी १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांत सरकारच्याच आकड्यांनी सरकारला निरुत्तर करण्याची विद्या त्यांनी देशाला शिकविली. त्या परंपरेतील तिसरा पुरुष रानड्यांच्या निधनानंतर तीन महिन्यांच्या आत जन्माला आला. गोखले निवर्तले तेव्हा धनंजयराव चौदा वर्षांचेही झाले नव्हते, म्हणजे गुरुशिष्यांचे प्रत्यक्ष नाते येथे नाही. येथे नाते आहे ते कार्यपद्धतीचे.

धनंजयरावांचे बालपण व शालेय शिक्षण नागपूरला झाले. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. हिंदी व मराठी एका छत्राखाली नांदत असलेल्या त्या प्रांताचे वातावरण आपल्याला अनोळखी वाटू नये. पुढे उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी भारतातील अलीकडच्या काळातील औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा लेखकाचे वय तेवीस वर्षांचे होते. या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला. हस्तव्यवसाय का मोडले, मोडलेल्या कारागिरांचे पुढे काय झाले, गिरण्या कोणी उभारल्या, शेतीवर भार का वाढला, या प्रश्नांचा त्यात शांतपणे शोध घेतलेला आहे. देशाभिमानाने पेटलेल्या त्या काळात तरुण लेखकाने आवेशाला दूर ठेवून पुराव्याला जवळ केले, हे त्याच्या स्वभावाचे पहिले दर्शन होय.

परत आल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केल्यानंतर १९२५ मध्ये ते सुरतेच्या मगनलाल ठाकोरदास बालमुकुंददास महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चोविसाव्या वर्षी प्राचार्यपद म्हणजे पुढील आयुष्याची निश्चिती होती. ती निश्चिती त्यांनी १९३० मध्ये सोडली.

साताऱ्याचे रावबहादुर रावजी रामचंद्र काळे यांनी भारत सेवक समाजाला भरघोस देणगी दिली. देशाच्या आर्थिक व राजकीय प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारी संस्था गोखल्यांच्या नावे उभारावी, ही त्यामागील कल्पना. ६ जून १९३० रोजी संस्थेची स्थापना झाली आणि एकोणतीस वर्षांचे धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. काळ ध्यानात घ्यावा. मीठाचा सत्याग्रह ऐन भरात होता, जगभर मंदीची लाट आली होती आणि शेतमालाचे भाव कोसळत होते. अशा वेळी हाताशी मूठभर सहकारी घेऊन संशोधनाला बसणे हे अनेकांना वेळेचे भान सुटल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. परंतु धनंजयरावांची धारणा अशी होती की, उद्या राज्य आपल्या हाती आले तर ते चालविण्यासाठी लागणारी माहिती आज कोणापाशीच नाही. सरकारपाशी महसुलाची माहिती होती, माणसांची नव्हती.

आणि म्हणून संस्थेने पहिल्या वर्षांत जे विषय हाती घेतले, ते पाहून आजही थोडे आश्चर्य वाटते. १९३३ मध्ये पुण्याच्या बाजारातील फळांच्या खरेदी-विक्रीची पाहणी प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याच्या बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जाते आणि प्रत्येक हात त्यातून किती ठेवून घेतो, याचा हा शोध होता. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी झाली. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फळे, बसगाड्या आणि वाईचा कुणबी! विद्यापीठीय अर्थशास्त्राने ज्यांची तोवर दखलही घेतली नव्हती, असे हे विषय.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेचे कार्यकर्ते पेठापेठांतून, वाड्यावाड्यांतून हिंडले. संपूर्ण शहर मोजणे शक्य नव्हते, म्हणून काही घरे शास्त्रशुद्ध रीतीने निवडून त्यांतील कुटुंबांची चौकशी करावयाची, अशी नमुना-पाहणीची पद्धत अवलंबिण्यात आली. घरात माणसे किती, मिळवती किती, कोणता धंदा, भाडे किती, शाळेत कोण जाते, असे साधे प्रश्न. त्यांचे संकलन १९४५ मध्ये पहिल्या भागात आणि १९५२ मध्ये दुसऱ्या भागात ग्रंथबद्ध झाले. पेशव्यांचे पुणे, टिळकांचे पुणे आपण सर्वांनी वाचलेले असते. परंतु बोळातील एका खोलीत सात माणसांचे बिऱ्हाड कसे निभावत होते, हे या पाहणीने कागदावर उतरविले. नमुना-पाहणीचे तंत्र आज शासनाच्या अंगवळणी पडले आहे. ते या देशात रुजविणाऱ्यांत गोखले संस्थेचा वाटा मोठा आहे.

संस्था केवळ आकडेमोडीची कचेरी होऊ नये याचीही दक्षता त्यांनी घेतली. रावबहादुर काळे यांच्या स्मरणार्थ १९३७ पासून व्याख्याने सुरू झाली. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच व्यासपीठावरून संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर आपले प्रख्यात व्याख्यान दिले. भारत सेवक समाज हा नेमस्तांचा मठ असा पुण्यात लौकिक होता. त्याच्या अंगणात सर्व मतांना मोकळेपणे बोलू देणारे स्थान निर्माण झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

धनंजयराव स्वतः मात्र कोणत्याच पक्षाचे झाले नाहीत. तरीही ते सार्वजनिक कामापासून दूर राहिले नाहीत, आणि हेच त्यांच्या चरित्राचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मराठी भाषकांच्या एका राज्याची व मुंबईची आर्थिक बाजू मांडण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. सभांतून टाळ्या घेणारे वक्ते पुष्कळ होते; आयोगापुढे टिकेल असे निवेदन तयार करणारे थोडे होते. त्या थोड्यांत धनंजयराव अग्रभागी होते.

परंतु त्यांच्या हातून घडलेले सर्वांत प्रत्यक्ष कार्य प्रवरेच्या काठचे. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले होते आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला होता. कारखाने मात्र खासगी कंपन्यांचे. उसाचा भाव कारखानदाराने ठरवावा आणि शेतकऱ्याने तो मुकाट्याने घ्यावा, असा व्यवहार होता. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे त्या प्रदेशाला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष काय लाभ झाला, याची पाहणी गोखले संस्थेने केली व ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे धनंजयराव तेथे प्रथम गेले ते अभ्यासक म्हणून. १९४५ मध्ये बेलापूर येथे भरलेल्या बागाईतदारांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथून पुढे, शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना निघू शकतो, या विचाराने मूळ धरले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो विचार उचलला. विखे पाटील फारसे शाळेत गेलेले नव्हते, आणि धनंजयराव केंब्रिजचे पदवीधर. एकाने गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. दुसऱ्याने योजना कागदावर पक्की केली, सरकारदरबारी व वित्तसंस्थांकडे तिची शिफारस केली. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा भक्कम आधार मिळाला. तेव्हाच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याची चाके फिरू लागली. पहिली काही वर्षे धनंजयराव त्याचे अध्यक्ष होते. एखादा विद्वान आपला सिद्धांत खरा की खोटा हे पाहण्यासाठी उसाच्या फडात उतरतो आणि पुढे कित्येक वर्षे पुण्याहून तेथे जाऊन हिशेबाच्या वह्या तपासतो, असे उदाहरण आपल्याकडे विरळा.

या कारखान्यामागून महाराष्ट्रात शंभराहून अधिक सहकारी साखर कारखाने निघाले. त्यांनी शाळा, रुग्णालये, महाविद्यालये काढली, तसे पुढाऱ्यांचे गडही उभारले. कित्येक कारखाने पुढे कर्जात बुडाले, काही विकले गेले. तेव्हा धनंजयरावांचे स्वप्न सफल झाले की विफल, असा प्रश्न कोणी विचारल्यास एका शब्दात उत्तर देता येणार नाही. लहान माणसांनी एकत्र येऊन स्वतःचा व्यवहार स्वतः चालवावा, ही त्यांची सहकारी समाजाची कल्पना होती. त्यासाठी सभासदाने जागे राहावे लागते. कारखाना उभारून देता येतो. सभासदाचे जागेपण वारसाहक्काने देता येत नाही.

शासनाच्या समित्यांवरील त्यांचे काम सांगू लागल्यास यादी लांबेल. दोनच प्रसंग सांगतो. १९४७ मध्ये केंद्र सरकारने वस्तूंच्या किमतींविषयी सल्ला देण्यासाठी मंडळ नेमले. अ. दि. गोरवाला आणि गाडगीळ यांच्यावर ही जबाबदारी होती. टंचाईच्या काळात नियंत्रणे एकदम उठवू नयेत, असे या मंडळाचे मत होते. वातावरण नेमके उलटे होते. नियंत्रणे म्हणजे काळाबाजार असे समीकरण लोकांच्या मनात बसले होते, आणि प्रत्यक्ष गांधीजी नियंत्रणे उठवावीत या मताचे होते. १९४७ च्या अखेरीस अन्नधान्यावरील नियंत्रणे उठली, भाव झपाट्याने चढले, आणि १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. लोकप्रिय मताविरुद्ध, तेही राष्ट्रपित्याच्या मताविरुद्ध, हाती असलेल्या पुराव्याला धरून राहणे सोपे नव्हते. किमतींचे धोरण नसलेले नियोजन हे वाळूवरचे घर, हा विचार त्यांनी पुढेही सोडला नाही, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर टीका करतानाही तोच मुद्दा धरला.

दुसरा प्रसंग अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये हाती घेतलेल्या या पाहणीच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष गोरवाला होते, आणि गाडगीळ तिचे सदस्य होते. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सुमारे सव्वा लाख कुटुंबे एवढा या पाहणीचा पसारा होता. पुण्याच्या पेठांतून सुरू झालेली पद्धत आता हिंदुस्थानच्या खेड्यांपर्यंत पोहोचली होती. १९५४ च्या अहवालातून जे सत्य बाहेर आले ते झोंबणारे होते. शेतकऱ्याने काढलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जातील सुमारे सत्तर रुपये सावकाराचे, सहकारी संस्थांचे सुमारे तीन आणि सरकारचेही जेमतेम तेवढेच. पन्नास वर्षे सहकाराचा जयघोष करून पदरात पडले ते शंभरात तीन! सहकाराचे कट्टर कैवारी असलेल्या धनंजयरावांनी हा आकडा झाकला नाही. याच अहवालाच्या शिफारशींमुळे इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली.

घरगुती आयुष्यात ते साधे व ठाम होते. पक्षिनिरीक्षणाचा आणि टेकड्या पालथ्या घालण्याचा त्यांना छंद होता; तोच मुलाने उचलला. ख्यातनाम परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ते हेच. जातिभेद मनाला पटत नसेल तर त्याची खूण मुलाच्या अंगावर का घालावी, असा विचार करून त्यांनी मुलाची मुंज केली नाही. त्यांच्या कन्या सुलभा ब्रह्मे याही अर्थशास्त्रज्ञ झाल्या आणि सरकारी विकासनीतीच्या परखड टीकाकार म्हणून ओळखल्या गेल्या. पित्याचे पद न घेता पित्याची शंका घेण्याची सवय मुलांनी घेतली, हे त्या घराचे खरे धन.

छत्तीस वर्षे एका संस्थेचे संचालकपद सांभाळून १९६६ मध्ये त्यांनी ते वि. म. दांडेकर यांच्या हाती सोपविले. काकासाहेब गाडगीळ यांच्या निधनानंतर त्याच वर्षी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद धनंजयरावांकडे आले. नावांचा घोटाळा होतो तो त्यामुळेही. राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणूनही ते त्याच सुमारास गेले. आणि सप्टेंबर १९६७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून त्यांना दिल्लीस पाचारण करण्यात आले. ज्या नियोजनावर आयुष्यभर टीका केली, ते आता स्वतः चालवून दाखवावयाचे होते.

तो काळ आपल्या ग्वाल्हेरकरांच्या चांगला स्मरणात राहिलेला आहे. १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. मध्य प्रदेशात तर त्याच जुलैमध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ पडले आणि संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. त्या उलथापालथीचे सूत्र राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या हाती होते. तोवर केंद्राकडून राज्यांना मिळणारे योजनासाहाय्य बव्हंशी एकेका योजनेच्या वाटाघाटीतून ठरत असे. दिल्लीत आणि राज्यात एकाच पक्षाचे सरकार असताना हा व्यवहार घरातल्या घरात चालून जाई. आता केंद्रात एक पक्ष आणि राज्याराज्यांत दुसरे, अशी स्थिती झाली. कोणाला किती आणि कोणत्या न्यायाने, हा प्रश्न ऐरणीवर आला.

धनंजयरावांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते गाडगीळ सूत्र या नावाने प्रसिद्ध आहे. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या खास गरजा आधी भागवाव्यात. उरलेल्या साहाय्यापैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीतील प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या विशेष अडचणींसाठी द्यावेत. साहाय्यात ७० टक्के कर्ज व ३० टक्के अनुदान असावे. १९६९ मध्ये चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी हे सूत्र स्वीकारले गेले. मध्य प्रदेशासारख्या मागास राज्याला सूत्रातील दारिद्र्याचा वाटा अपुरा वाटणे स्वाभाविक होते, आणि १९८० मध्ये तो १० वरून २० टक्के झालाही. परंतु सूत्राचे खरे महत्त्व टक्केवारीत नाही. कोणत्याही मुख्यमंत्र्याला दिल्लीच्या दारी ताटकळत न बसता आपला वाटा घरी बसून मोजता यावा, हे त्याचे महत्त्व. मर्जीच्या जागी नियम आला.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी एकेका जिल्ह्याचे क्षेत्र धरून काम करावे, असे सुचविले. त्यातून अग्रणी बँक योजना आकाराला आली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याची मोठी चर्चा झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत बँक पोहोचण्याचा आराखडा मात्र त्यामागच्या अशा अबोल कामातून तयार झाला.

दिल्लीतील त्यांचा शेवट मात्र मनाला चटका लावतो. नियोजन आयोग हा सरकारला निर्भीड सल्ला देणारा, तज्ज्ञांचा स्वतंत्र विचारगट असावा, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात निर्णयाचे केंद्र दुसरीकडे सरकत चालले होते. १९७१ च्या निवडणुकीनंतर आयोगाची पुनर्रचना झाली आणि त्यांनी पद सोडले. दिल्लीहून परतीच्या प्रवासात, ३ मे १९७१ रोजी, धावत्या आगगाडीत त्यांचे निधन झाले. पुण्याच्या टेकडीखालच्या त्या आवारात ते पुन्हा पोहोचले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेतून वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथ बाहेर पडला आणि दारिद्र्यरेषेची चर्चा देशभर सुरू झाली. कर्ता निघून गेला, तरी काम थांबले नव्हते.

त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या गोष्टींचा आज हिशेब मांडला तर काय दिसते? १९९१ मध्ये त्यांचे सूत्र बदलून गाडगीळ-मुखर्जी सूत्र झाले. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाची जागा निती आयोगाने घेतली, आणि सूत्राची गरजही संपली. सहकारी कारखान्यांची गत वर सांगितलीच आहे. २००८ मध्ये सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. तिकिटे संग्राहकांच्या वह्यांत गेली. राहिली ती संस्था, जिला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि राहिले ते ग्रंथालय. १९३३ मध्ये पुण्यात फळांचा बाजार कसा चालत होता हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याला ते आजही तेथे कळू शकते. मला हवे असलेले आमच्या भागातील मराठी भाषकांचे आकडे असलेला जाडजूड खंड तेथील सेवकाने अर्ध्या तासात टेबलावर आणून ठेवला. अधिकार गेले, आयोग गेले, कपाटातील नोंद मात्र जागेवर होती.

त्या टेबलाशी बसलो असताना एक विचार मनात आला, तो येथे सांगावासा वाटतो. जयेंद्रगंजातील आपल्या ग्रंथालयाच्या शंभर वर्षांविषयी बोलताना आपण सर्वजण एक वाक्य हटकून बोलतो : मराठी वाचणारे कमी झाले. कदाचित ते खरे असेल. परंतु आपल्यापैकी कोणी ते मोजले आहे काय? ग्रंथालयापाशी सभासदांच्या नोंदवह्या असतात, देवघेवीच्या वह्या असतात, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत असते. कोणत्या दशकात किती सभासद होते, त्यांत स्त्रिया किती, कोणत्या गल्लीतून कोण येत असे, कादंबऱ्या किती जात आणि चरित्रे किती, कोणत्या घरातील तिसरी पिढी अद्याप येते आणि कोणत्या घरातील दुसरीच थांबली, हे सारे त्या वह्यांत निजलेले असणार. धनंजयरावांच्या दृष्टीने पाहिले तर ती रद्दी नव्हे. ती या शहरातील मराठी समाजाची पाहणीच आहे, फक्त तिची बेरीज कोणी केलेली नाही.

शताब्दीच्या समारंभात सत्कार होतील, भाषणे होतील, तेही झालेच पाहिजे. परंतु समारंभानंतरच्या सुट्टीत दोन-चार उत्साही सभासदांनी जुन्या वह्यांवरील धूळ झटकून पहिल्या वहीपासून मोजणीला प्रारंभ केला, तर आकडा कदाचित आपल्याला न आवडणारा निघेल. शंभरात तीन, असाही निघू शकेल. तो निघाला तरी लिहून ठेवावा. पुढच्या शंभर वर्षांत कोणी तरी शोधत येईल, तेव्हा त्याला तो कपाटात सापडला पाहिजे.